प्रश्न विचारणारे मूल : बेने इस्राएल समाजाची मराठी आणि पुढल्या पिढीचे शिक्षण

पदवीच्या वर्गाला कीर्तनपरंपरा शिकवताना मी एक तास बेने इस्राएल समाजाच्या मराठी कीर्तनांसाठी राखून ठेवते. साकी, दिंडी, आर्या, ओवी ही ओळखीची वृत्ते आणि आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे, हे ऐकून मुले सावरून बसतात. इंदूरच्या आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी आता हिंदीच बोलली जाते. मराठी असते ती आजीची. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे कीर्तन ज्यांचं होतं, त्यांच्या नातवंडांना आता ते कळतं का?"

त्या दिवशी मी तिला समाजाचा इतिहास सांगितला. इतिहास बरोबर होता, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिचा प्रश्न शिक्षणाचा होता. संख्येने अगदी लहान असलेला समाज आपली ओळख पुढच्या पिढीला कशाच्या आधाराने देतो? आणि ज्या भाषेत ती ओळख साठवलेली आहे तीच भाषा मुलांच्या तोंडून गेली, तर मागे काय उरते? या दोन प्रश्नांचा बेने इस्राएल समाजाच्या संदर्भात विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चार मुले

यहुदी परंपरेत शिक्षणाचा सर्वांत जुना वर्ग घरच्या जेवणाच्या पाटावर भरतो. पेसाह म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंब एकत्र बसते आणि हग्गादा या पुस्तिकेतून मिसर देशातील गुलामगिरीतून सुटकेची कथा वाचते. या वाचनाची सुरुवात घरातील सर्वांत लहान मूल करते. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे ते विचारते आणि मग मोठी माणसे बोलू लागतात. मुलाने विचारल्याखेरीज कथा सुरू होत नाही, ही योजना शिक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते.

हग्गादेत पुढे चार प्रकारच्या मुलांचा उल्लेख येतो. एक शहाणे, एक उद्धट, एक साधे आणि चौथे ते, ज्याला विचारायचे कसे हेच ठाऊक नाही. पहिल्या तिघांना त्यांच्या प्रश्नाप्रमाणे उत्तर द्यायचे. चौथ्याच्या बाबतीत मात्र पालकानेच बोलायला आरंभ करायचा. समाजशिक्षणाची खरी कसोटी या चौथ्या मुलापाशी लागते. बेने इस्राएलांच्या इतिहासात असे चौथे मूल निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या रूपांत समोर आले आणि प्रत्येक वेळी समाजाने वेगळे साधन शोधले.

घराचे पंचांग

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात जोडपी वाचली. कोकणातल्या खेड्यांतून ते पसरले, तेलघाणी चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाऊ लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर, दिवेकर ही आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात. या दीर्घ काळात त्यांच्यापाशी रब्बी नव्हते, हिब्रू ग्रंथांचा अभ्यास नव्हता. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा' या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द एवढी पुंजी त्यांनी सांभाळली होती.

ती कशी सांभाळली, हे त्यांच्या सणांच्या जुन्या नावांवरून कळते. नव्या वर्षाचा तो 'नवियाचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे बंद करून घरात राहायचे, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो 'शिळा सण'. खीर करायची तो 'खिरीचा सण'. वल्हांडणाचे नाव 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून त्याला 'होळीचा सण' म्हणत. आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याचा जो शोकाचा उपवास, त्याला नाव होते 'बिरड्याचा रोजा', कारण तो वालाच्या बिरड्याने सुटे.

या नावांत एक बाब ठळकपणे दिसते. शोकाच्या उपवासाच्या नावात मंदिर नाही, वाल आहेत. वल्हांडणाच्या नावात मिसर देश नाही, घरातले भांडे आहे. कारण विसरले गेले, पण कृती राहिली आणि ती कृती स्वयंपाकघरातल्या मराठी शब्दाला बांधलेली होती. हे शिक्षण प्रामुख्याने घरातल्या बायकांच्या हाती असणार, हे उघड आहे. कोणते भांडे केव्हा झाकायचे आणि वाल केव्हा भिजत घालायचे, हे आई मुलीला दाखवून देई. त्यासाठी पुस्तक लागत नव्हते.

मात्र या पद्धतीला मर्यादाही होती. घराला जे ठाऊक नव्हते, ते घर शिकवू शकत नव्हते. हनुक्का हा सण या जुन्या पंचांगात आढळत नाही. आणि 'का' असे विचारणाऱ्या मुलाला 'आपल्यात असंच करतात' याहून वेगळे उत्तर मिळणे अवघड होते.

पुस्तक आणि शाळा

'का'चे उत्तर देणारे शिक्षण टप्प्याटप्प्याने आले. डेव्हिड रहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने या लोकांना ओळखले, धर्माचे पाठ दिले आणि तिघांना शिकवून 'काजी' नेमले, अशी समाजाची आठवण आहे. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून यहुदी शिक्षक आले. त्याच सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकू लागली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण त्यांना त्यात फारसे यश आले नाही. मुलांनी मराठीतून मोशेची कथा वाचली, हिब्रू अक्षरे गिरवली आणि ती विद्या घेऊन ती आपल्याच सिनेगॉगकडे वळली.

यानंतर समाजाने स्वतःची पुस्तके काढली. मराठी भाषांतरासह हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली. पुढे १८७४ मध्ये पुण्यात निघालेली हिब्रू-मराठी हग्गादा तिच्या चित्रांसाठी आजही अभ्यासकांना आकर्षित करते. तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या वेशात दिसतात. पान उघडणाऱ्या मुलाला त्या चित्रात आपली आई दिसावी, याहून सोपा पाठ कोणता? जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या नावे चालणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये आपल्या बांधवांसह समाजाची शाळा काढली. हीच इस्राएलाइट स्कूल पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 'सत्यप्रकाश', 'इस्राएल धर्मदीप' यांसारखी मराठी नियतकालिके याच शतकाच्या अखेरच्या पावशतकातली.

या शाळेच्या इतिहासात रिबेका रूबेन यांचे नाव वेगळे घ्यावे लागेल. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि १९२२ ते १९५० या काळात त्यांनी या शाळेची धुरा सांभाळली. जे शिक्षण पूर्वी बायका स्वयंपाकघरात देत होत्या, ते आता एक बाई शाळेच्या इमारतीत, वेळापत्रक लावून देत होती. यापुढे मुलाला सणाचे कारणही कळणार होते.

कीर्तन आणि वही

घर आणि शाळा यांच्या मधली एक जागा कीर्तनाने भरली. १८८० च्या सुमारास समाजातील काही मंडळींनी मराठी कीर्तनाचा साचा उचलून त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावायला सुरुवात केली. कीर्तनकार भोवतालचे पाहूनच हे शिकले होते आणि ते त्यांनी लपवले नाही. हिब्रू न जाणणारी आजी, शाळेत न गेलेला तेली आणि शाळेत जाणारा नातू हे तिघे एकाच वेळी ज्या वर्गात बसू शकत, असा वर्ग म्हणजे हे कीर्तन होते. चौथ्या मुलाला इथे काही विचारावे लागत नव्हते, गोष्टच त्याच्यापाशी येत होती.

कीर्तनांतली आणि अन्य मराठी भक्तिगीते बायकांनी वह्यांमधून उतरवून घेतली. या वह्यांना मी समाजाचे दुसरे पाठ्यपुस्तक म्हणेन. त्यांत छापील पुस्तकाची शिस्त नसते, शुद्धलेखन ज्याचे त्याचे असते, पण चाल कोणती हे वहीच्या मालकिणीला ठाऊक असते. अडचण इथेच आहे. वही राहते, पण चाल मालकिणीबरोबर जाऊ शकते.

भाषा बदलली तेव्हा

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात पंचवीस हजारांच्या आसपास यहुदी होते आणि त्यांत बेने इस्राएल सर्वाधिक होते. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. आज भारतात चार-पाच हजार यहुदी उरले आहेत. अलिबागला इस्राएल आळी आहे, रेवदंडा, पनवेल, पेण येथे सिनेगॉग आहेत, पण सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवणे कोकणातल्या अनेक ठिकाणी कठीण झाले आहे.

इस्रायलमध्ये गेलेल्यांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. १९६० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका घेतली. ज्यांनी ग्रंथ नसताना शब्बाथ पाळला, त्यांना आपण यहुदी असल्याचे सिद्ध करायला सांगितले गेले. आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले. प्रश्न कायद्याने सुटला. परंतु अशा अनुभवानंतर एखाद्या तरुण आईबापाला आपले मूल इतरांसारखेच दिसावे, हिब्रूच बोलावे असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांतून राहणाऱ्या या समाजाची तिसरी-चौथी पिढी आता हिब्रू बोलते. जुन्या पिढीतल्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक तिथे चालवले, ही आपण सर्वांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण ते वाचणारे बहुतांशी आजी-आजोबा आहेत. इकडे मुंबई-ठाण्यातली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. अहमदाबादला कोकणातून गेलेल्या कुटुंबांचे १९३४ मध्ये बांधलेले मागेन अब्राहम सिनेगॉग आहे. तिथल्या पिढ्या गुजराती आणि इंग्रजीत वाढल्या. एस्थर डेव्हिड यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांतून या कुटुंबांच्या जगण्याचे चित्रण येते. त्यांच्या 'बुक ऑफ रेचल'ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणातल्या गावात एकटी उरलेली, सिनेगॉग सांभाळणारी बाई या कादंबरीची नायिका आहे. ही कथा मराठी घरातली आहे आणि ती इंग्रजीत सांगितली गेली, हीच आजची स्थिती आहे.

म्हणजे १८७४ ची हग्गादा आज घरात असली, तरी दिमोनाचा नातू तिची डावी बाजू वाचू शकत नाही आणि मुंबईच्या नातीला दोन्ही बाजू जड जातात. 'विचारायचे कसे हे न कळणारे' मूल पुन्हा समोर आले आहे.

मराठी थर आवश्यक आहे का?

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. यहुदी ओळखीचा गाभा हिब्रू प्रार्थना, तोरा आणि शब्बाथ यांत आहे. मराठी ही केवळ वाटेत भेटलेली भाषा आहे. मग मुलांचे आधीच अपुरे असलेले तास त्यात का घालवावेत? हा आक्षेप मी यहुदी शिक्षणाशी संबंधित काही व्यक्तींकडून ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुलाला शेमा येत नसेल आणि सणांची मराठी नावे तेवढी पाठ असतील, तर ते शिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.

तरीही मला असे वाटते की, मुलाला केवळ सर्वसाधारण यहुदी धर्म शिकवला, तर त्याला आपल्या आजीचे आचरण समजत नाही. इतर यहुद्यांच्या पुस्तकात मलिदा नसतो. बेने इस्राएल घरात लग्न, सुंता, गृहप्रवेश किंवा नवस फेडताना भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबीचे स्मरण करतात, तो हा मलिदा. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण म्हणून मानला जाणारा खडक आहे, त्याला 'टापा' म्हणतात. धर्मग्रंथातला संदेष्टा आणि कोकणातला कातळ यांना जोडणारा दुवा मराठी आहे. तो तुटला, तर मुलाला प्रार्थना राहील, पण आपण तीत कुठून आलो हे राहणार नाही. इस्रायलमध्ये मराठी न येणारी मुलेही मलिदा हा शब्द ओळखतात. शब्द कृतीला बांधलेला असला की तो भाषेपेक्षा अधिक टिकतो, हे 'बिरड्याच्या रोजा'ने पूर्वीच दाखवून दिले आहे.

काय करता येईल

भारतात आणि इस्रायलमध्ये या समाजाच्या संस्था मुलांचे वर्ग, शिबिरे आणि सणांचे कार्यक्रम चालवतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे शैक्षणिक संस्थांना काही आधार मिळू शकतो. अशा वर्गांना उपयोगी पडतील अशा काही सूचना एक भाषाशिक्षक म्हणून कराव्याशा वाटतात.

पहिला पाठ आडनावाचा असावा. मुलाने नकाशावर आपले गाव शोधावे, तिथे सिनेगॉग किंवा दफनभूमी आहे का हे घरी विचारावे आणि जमल्यास एकदा तिथे जाऊन यावे. यासाठी मराठी यावीच लागते असे नाही, पण मराठीची पहिली गरज इथेच भासते.

दुसरा पाठ सणांच्या दोन नावांचा. हिब्रू नाव आणि जुने मराठी नाव समोरासमोर लिहून दोन्हींचा अर्थ मुलांना शोधायला लावावा. हिब्रू नाव कारण सांगते, मराठी नाव कृती सांगते. दोन्ही मिळून सण पूर्ण होतो.

तिसरा पाठ वल्हांडणाच्या रात्रीचा. लहान मुलाने प्रश्न हिब्रूत म्हणावेत, मग घरात ज्या भाषेत बोलणे चालते तीत म्हणावेत आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीने ते मराठीत म्हणावेत. मुलाला मराठी आली पाहिजे अशी अट न घालता तिचा आवाज वर्षातून एकदा त्या पाटावर ऐकू आला, तरी पुढे विचारायला जागा राहते.

चौथे काम मोठ्यांचे आहे आणि ते थांबण्यासारखे नाही. गाण्यांच्या वह्यांची छायाचित्रे घेणे पुरेसे नाही. वही समोर ठेवून गाणाऱ्या बाईंचा आवाज ध्वनिमुद्रित करायला हवा, शक्यतो घरातल्या नातवंडाकडूनच. मोबाइल धरणारे मूल ऐकता ऐकता 'या शब्दाचा अर्थ काय?' असे विचारतेच.

आपल्यासाठी

हा लेख यहुदी समाजाविषयी आहे आणि त्याचा शेवट आपल्याकडे वळवताना मला संकोच वाटतो. त्यांच्या संख्येचा आणि विस्थापनाचा प्रश्न आपल्याहून कितीतरी कठीण आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या आपणा सर्वांना त्यांच्याकडून एक गोष्ट घेता येईल. त्यांनी प्रत्येक काळात आधी समोरचे मूल पाहिले आणि मग साधन निवडले. मुलाला पाहून कळेल अशा काळात भांडे झाकले, वाचता येऊ लागले तेव्हा चित्रांची हग्गादा काढली, ऐकायला आवडते असे दिसले तेव्हा कीर्तन उभे केले. आपण मात्र बऱ्याचदा मूल कसे असायला हवे होते, हे धरून अभ्यासक्रम आखतो आणि मग वर्ग रिकामे का, असे विचारतो.

त्या विद्यार्थिनीला आज मी वेगळे उत्तर देईन. त्यांच्या नातवंडांपैकी पुष्कळांना ते कीर्तन कळत नाही. पण कुणीतरी त्यांना ते ऐकवले, तर ती विचारू शकतील. तिने त्या वर्षी वर्गातून घरी जाऊन आपल्या आजीकडून तीन ओव्या लिहून आणल्या होत्या. त्यांतल्या एका शब्दाचा अर्थ तिला कळला नव्हता. मलाही तो ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तिच्या आजीलाच फोन करून विचारला.